चार दिवसांची अस्पृश्यता



गेल्या वर्षावासात एका नवदीक्षित कुटुंबाच्या घरी जाण्याचा योग आला. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरचे ते लहानसे गाव. घरात तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि भिंतीवर बावीस प्रतिज्ञांचा तक्ता. देव्हाऱ्यातले देव दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी कृष्णेत सोडलेले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करायचे, असा त्या घराचा नेम होता. घरातली मुलगी आठवीत, माझ्याच वर्गात. तिने वाचायचे आणि आजी-आजोबांनी, आईवडिलांनी ऐकायचे. मी गेले त्या संध्याकाळी मात्र ग्रंथ पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवलेला होता. "आज वाचन नाही का?" असे मी विचारले, तेव्हा आजी सहज म्हणाली, "चार दिस बंद हाय, बाई. वाचनारी भाईर बसलीया."

मी वळून पाहिले. पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर मुलगी बसली होती. शेजारी तिचे वेगळे ताट आणि तांब्या. महिन्यापूर्वी शहरातल्या एका नव्या सेवाभावी संस्थेची तरुण मंडळी आमच्या शाळेत आली होती. त्यांनी मुलींना पाळीविषयी शास्त्रीय माहिती सांगितली आणि प्रत्येकीला पॅडची पाकिटे दिली. ते पाकीट या मुलीने पडवीच्या वाशाला अडकवून ठेवले होते, कारण ते घरात न्यायची तिला परवानगी नव्हती.

मी काय केले? मी चहा प्याले, आजीची विचारपूस केली आणि घरी आले. एक शब्दही बोलले नाही. बोलायला तोंड नव्हते. आमच्या घराने माझ्या लहानपणी दीक्षा घेतली. मी शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. पण आईच्या घरी त्या दिवसांत मीही वंदनेला मागे, उंबऱ्याबाहेर उभी राहत असे आणि ते मला कधी खटकले नव्हते. ही कबुली आधी देते आणि मग आपल्याशी बोलते. कारण जो प्रश्न मी मांडणार आहे, तो दुसऱ्या कुणाच्या घरचा नाही, आपल्या घरचा आहे.

आपली भाषाच पाहा. पाळी आलेल्या बाईला आपण काय म्हणतो? 'बाहेरची झाली', 'बाजूला बसली', 'कावळा शिवला', 'विटाळशी'. बाहेर, बाजूला, शिवू नये, विटाळ! हे शब्द आपण पूर्वी कुठे ऐकले आहेत? आपल्या आजोबा-पणजोबांना गाव याच शब्दांनी ओळखत होते. त्यांची वस्ती गावकुसाबाहेर, त्यांनी उभे राहायचे बाजूला, त्यांना शिवायचे नाही, त्यांचा विटाळ. गावाने आपल्यासाठी जे शब्द वापरले, तेच शब्द आपण आपल्या लेकींसाठी जपून ठेवले आहेत.

हे साम्य केवळ शब्दांचे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एक श्लोक आहे. कोणाचा स्पर्श झाला असता स्नान करून शुद्ध व्हावे, याची यादी त्यात दिली आहे. त्या यादीत चांडाळ आहे, रजस्वला आहे, पतित आहे, बाळंतीण आहे, प्रेत आहे आणि प्रेताला शिवलेला माणूसही आहे. बंधूंनो, एकाच श्लोकात एका ओळीने तुमचा पूर्वज आणि तुमची मुलगी उभी केलेली आहे! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले. आपण दर वर्षी तो दिवस साजरा करतो. परंतु आपल्या पडवीत तो श्लोक अजून अर्धा जिवंत असेल, तर आपण जाळले ते काय? आपल्याला डाचणारा अर्धा भाग जाळला आणि मुलीला डाचणारा अर्धा भाग वारसा म्हणून ठेवला, असाच याचा अर्थ होत नाही काय?

विटाळ म्हणजे काय, हे साताऱ्याच्या मातीला कुणी सांगायला नको. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथल्याच शाळेत दाखल झाले. १९०१ सालची गोष्ट. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला नऊ-दहा वर्षांचा भीम आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरला. पोरे कोणत्या जातीची आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची. जवळ शिदोरी होती, पण वाटेत कुणी पाणी देईना आणि पाण्यावाचून घास गिळेना. भरलेला डबा जवळ असून ती मुले रात्रभर उपाशी राहिली. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

त्या पडवीतल्या मुलीची स्थिती मला या प्रसंगासारखीच वाटते. तिच्यापाशी पाकीट होते. एखाद्या भल्या संस्थेने ते प्रेमाने दिले होते. पण शिदोरी असून उपयोग नाही, पाणी पाहिजे. पॅड असून उपयोग नाही, धुण्याला पाणी, बदलायला आडोसा आणि घरात बरोबरीची जागा पाहिजे. विटाळ आहे तोवर दिलेली वस्तू वाशाला लटकत राहते.

यावर आपल्यापैकी काहीजण तीन आक्षेप घेतील. त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, ही रूढी बायकांना विश्रांती मिळावी म्हणून पडली. ठीक आहे. मग विश्रांती मिळते का, ते पाहू. बाहेर बसलेली बाई शेण काढते, गोठा झाडते, धुणे धुते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. बंदी असते ती चूल, माठ आणि मूर्ती यांना शिवण्याची. कष्टांना बंदी नसते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडून ऊसतोड मजुरांचे तांडे येतात. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या पडतात. तिथली बाई पाळीच्या दिवसांत पहाटे कोयता घेऊन फडात उतरते, मोळ्या डोक्यावर वाहते. बसली तर खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील या भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोटासाठी देहाचा अवयव काढून टाकायची पाळी ज्या समाजात येते, त्याने विश्रांतीची भाषा जपून बोलावी.

विश्रांती हवीच. पण ती कशी द्यावी, हे बाबासाहेबांनी दाखवले आहे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याचे बिल आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार मालकाने व सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. विश्रांती हा हक्क आहे. हक्क देताना माणसाला उंबऱ्याबाहेर बसवत नाहीत. मुलीच्या पोटात दुखत असेल, तर तिच्या वाटचे पाणी भावाने भरावे. तिचा माठ वेगळा करण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप जरा विद्वत्तेचा आहे. जातीची अस्पृश्यता जन्माची होती, ही चार दिवसांची आहे. दोन्ही एक कशा? हा भेद खरा आहे. स्वतः बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथात तो मांडला आहे. जन्म, मृत्यू, ऋतुप्राप्ती यांचा विटाळ जगातल्या अनेक प्राचीन समाजांत होता. तो तात्पुरता होता आणि विधीने फिटत असे. हिंदू समाजातील अस्पृश्यता मात्र वंशपरंपरेची आणि कधीही न फिटणारी. म्हणून दोहोंचे दुःख सारखे, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की, माणसाच्या देहात पाप चिकटते आणि ते स्पर्शाने दुसऱ्याला लागते, ही मूळ समजूत दोन्हीकडे एकच आहे. ज्या मुलाने आईला महिन्याला चार दिवस दूर बसलेली पाहिली, त्याला माणसाचा विटाळ होतो हे कळले. पुढे तो विटाळ कुणावर लादायचा, एवढेच शिकायचे उरले.

कायद्याच्या क्षेत्रातही हा विचार पोहोचला आहे. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला मंदिराच्या खटल्याचा निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात म्हटले की, अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे १७ वे कलम केवळ जातीपुरते नाही. पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवणे हाही त्याच प्रकारचा कलंक आहे. त्या निकालानंतर उद्भवलेले प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवले गेले, हे खरे. आणि आपल्याला देवळात जायचेही नाही. पण १७ वे कलम हे आपल्या रक्ताने लिहिले गेलेले कलम आहे. त्याचा अर्थ आपल्या लेकीपर्यंत पोहोचू नये, असे आपण म्हणू शकतो काय?

तिसरा आक्षेप सर्वांत हळवा आहे. 'बाई, तथागतांच्या मूर्तीला विटाळ कसा चालेल?' बंधूंनो, ज्यांची मूर्ती आपण ठेवतो, त्यांच्या संघात काय नियम होता, ते ऐका.

विनयपिटकात भिक्खुनींच्या नियमांमध्ये 'आवसथचीवर' नावाच्या वस्त्राचा उल्लेख आहे. पाळी आलेल्या भिक्खुनींनी वापरावे म्हणून दिलेले ते वस्त्र होते. दोन-तीन रात्री वापरायचे, चौथ्या दिवशी धुवायचे आणि दुसरीच्या स्वाधीन करायचे. थुल्लनंदा नावाची एक भिक्खुनी ते वस्त्र सोडीना, त्यामुळे इतर ऋतुमती भिक्खुनींना ते मिळेना. त्यांनी तक्रार केली आणि तथागतांनी नियम केला की, हे वस्त्र स्वतःपाशीच अडवून ठेवणे हा दोष आहे. चुल्लवग्गात तर त्या दिवसांत वापरायच्या कापडाची आणि ते बांधायच्या करगोट्याचीही परवानगी दिलेली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट! तथागतांपुढे हा विषय आला, तेव्हा त्यांनी विटाळाचा नियम केला नाही, वस्त्राची व्यवस्था केली. आज आरोग्याच्या दृष्टीने असे कापड एकमेकींत वापरू नये, हे आपण जाणतो. पण त्या नियमामागची दृष्टी जुनी झालेली नाही.

थेरीगाथेतील पुण्णा आठवा. ती दासीची मुलगी, थंडीत नदीवर पाणी भरणारी. पापक्षालनासाठी कुडकुडत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने माणूस पवित्र होत असेल, तर बेडूक, कासव, मगर हे सगळेच स्वर्गाला जातील काय? एका पाणक्या दासीने शुद्ध-अशुद्धाचा निकाल एका प्रश्नात लावला. शुद्धी कर्माची असते. देहाचा नैसर्गिक धर्म म्हणजे पाप नव्हे.

मात्र एक इशारा दिला पाहिजे. बौद्ध हे नाव लावल्याने विटाळ आपोआप जात नाही. चीनमध्ये पुढच्या काळात 'रक्तकुंडाचे सूत्र' नावाचे एक बनावट सूत्र तयार झाले आणि ते जपानातही पसरले. स्त्री आपल्या रक्तामुळे नरकात जाते, अशी त्याची शिकवण. तथागतांच्या नावावर हे खपवले गेले! आपणही जागे राहिलो नाही, तर आपल्या पडव्यांतून असेच एखादे सूत्र तयार होईल.

आता दानाचा विचार करू. या विषयात जगभर काम चालू आहे. आफ्रिकेतील केनिया या देशाने २००४ साली पॅडवरील कर काढला आणि २०१७ साली शाळकरी मुलींना ते मोफत देण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली. आपल्या राज्यात ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षे वयाच्या मुलींना ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत, बचत गटांमार्फत देण्याची ती योजना होती. २०१७ साली पॅडवर बसवलेला १२ टक्के जीएसटी पुढल्याच वर्षी जुलैमध्ये रद्द करावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण आखण्यास सांगितले. अनेक तरुण संस्था खेड्यापाड्यांत, वस्त्यांवर जाऊन वाटप करीत आहेत. हे सारे स्वागतार्ह आहे.

पण दान देणे आणि उपकार करणे यांत फरक आहे. सत्पुरुष दान कसे देतो, हे तथागतांनी सांगितले आहे. तो आदराने देतो, स्वहस्ते देतो, टाकाऊ देत नाही. महिलादिनाला एकदा पाकिटे वाटायची, मुलींना रांगेत उभे करून फोटो काढायचा आणि पुढच्या महिन्यात तिने काय करावे हे विचारायचेही नाही, याला आदर म्हणत नाहीत. दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देतो. वस्तू मिळते, तिच्याबरोबर लाजही मिळते.

म्हणून मला आवसथचीवराचा नियम महत्त्वाचा वाटतो. दिले कुणीतरी दानच. पण संघात आल्यावर त्याचा नियम झाला. जिला गरज, तिला ते मिळायचे. तिने कुणापुढे हात पसरायचा नाही, कुणाचे आभार मानायचे नाहीत आणि थुल्लनंदेसारखी वजनदार भिक्खुनीसुद्धा ते अडवून धरू शकत नाही. दानाचा हक्क झाला. दान आणि हक्क यांत भांडण लावण्याचे कारण नाही. दान ही सुरुवात आहे आणि मागावे लागू नये अशी व्यवस्था हा तिचा शेवट आहे. जे दान तिथवर जात नाही, ते अर्ध्या वाटेवर थांबलेले दान होय.

अशी व्यवस्था आपण करू शकतो. बुद्धपौर्णिमेला, १४ ऑक्टोबरला आपण मंडपावर आणि ध्वनिक्षेपकावर किती खर्च करतो? त्यातला थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक विहारात एक पेटी ठेवू. तिला कुलूप नको आणि नोंदवही नको. महिला मंडळाने ती दर महिन्याला भरावी. कुणी सुती कापड वापरत असेल तर तेही चांगले. मात्र ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. लाजेपायी अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली वाळवलेले कापड रोगाला आमंत्रण देते. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे आणि शौचालयात टाकू नये. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीने जेवणानंतर न चुकता घ्यावी. रक्तस्राव फार होत असेल, तर देवऋषाकडे नव्हे, सरकारी दवाखान्यात न्यावे. आणि कुणी गर्भाशय काढायचा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

आणि वडील मंडळींनो, एक काम तुमचे. दुकानातून ते पाकीट तुम्ही आणा, उघड्या हाताने आणा. तुम्ही महाडचे वारस आहात. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेताना ज्यांना लाज वाटली नाही, त्यांच्या नातवांना लेकीसाठी एक पाकीट हातात धरायला लाज का वाटावी?

पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त एक निबंध लिहिला. महार-मांगांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिने त्यात मांडले. स्त्रीच्या देहाचे दुःख हा धर्माला विचारायचा प्रश्न आहे, हे त्या मुलीला कळले होते. सावित्रीबाई तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्या शाळेने पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुलीच्या हातात लेखणी दिली आणि आपण आज मुलीच्या हातचा ग्रंथ चार दिवस बांधून ठेवतो!

त्या घरी मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी गप्प बसले नाही. आजीला थुल्लनंदेची गोष्ट सांगितली, मनूच्या श्लोकातली यादी सांगितली. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे आमाला आधी कुनी का न्हाई सांगितलं? देव सोडायचं सांगितलं, आमी सोडलं. हेबी सोडलं असतं."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दोष आजीचा नाही. दीक्षेच्या मंचावरून आम्ही शिकलेल्यांनी देव सोडा म्हणून सांगितले, पण हा विषय बायकांचा, घाणेरडा म्हणून टाळला. मी स्वतः टाळला. म्हणून हा लेख लिहीत आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, येत्या वर्षावासात आपापल्या घरी ग्रंथाचे वाचन होईलच. वाचणारी मुलगी असेल, तर मध्ये ते चार दिवसही येतील. त्या संध्याकाळी ग्रंथ फडक्यात बांधू नका. तिला आत बोलवा, मूर्तीसमोर मेणबत्ती तिलाच लावू द्या आणि जिथे थांबलो होतो तिथून पुढे वाचायला सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!